बंदची यादी छापता, परतीची का नाही?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पोटाच्या तक्रारींवर ‘महिनाभर हे बंद करून बघा’ अशा धर्तीचे लेख अधूनमधून येत असतात. गहू बंद, दूध बंद, साखर बंद, डाळी-कडधान्यं बंद, पाकिटातलं आणि डब्यातलं तर सगळंच बंद. खायचं ते फक्त शेतातून, झाडावरून किंवा पाण्यातून जसं आलं तसं. शेजारी फोटो असतो तिशीतल्या, सपाट पोटाच्या एखाद्या मुलीचा. आणि कात्रण कापून ठेवतात पंचाहत्तरीचे वाचक. कागदावरचं वर्तमानपत्र कात्रीने कापणारे आता आम्हीच उरलोय, म्हणून हे पत्र.

मी ७३ वर्षांची. नोकरीची सगळी वर्षं पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेली. डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण चाचणी कशी करावी आणि कशाने ती फुकट जाते, हे मला चांगलं कळतं. पदार्थ बंद करून बघणं ही एक चाचणीच आहे. अमेरिकेत अल्बर्ट रो या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी १९२०च्या दशकात ती पद्धतशीर रूपात मांडली, तीही एवढ्यासाठी की नेमका कोणता पदार्थ बाधतो ते सापडावं. संशयितांना बाहेर काढायचं, तक्रार थांबते का बघायचं आणि मग एकेकाला आत घ्यायचं. खरा निकाल लागतो तो पदार्थ आत घेताना. बाहेर काढल्यावर बरं वाटलं यावरून फारसं काही ठरत नाही, कारण एका दमात दहा गोष्टी थांबवलेल्या असतात आणि दहापैकी नऊ निर्दोष असू शकतात.

आमच्या घरी हा कागद मुलीने आणला. यजमान ७७ वर्षांचे. जेवण झालं की पोट टम्म फुगायचं, रात्री गुडगुड, शौचाचा काही नेम नाही. मुलीने काळजीपोटी कुठूनशी यादी उतरवून फ्रिजवर चुंबकाने लावली. पुढची बाजू गच्च भरलेली. मी कागद उलटून पाहिला, मागे कोरा.

‘परत सुरू कधी करायचं ते कुठे लिहिलंय?’

‘अगं आई, आधी बाबांना बरं तर वाटू दे!’

माझं भांडण आहे ते या ‘बरं तर वाटू दे’शी. तिशीतली मुलगी महिनाभर हा प्रयोग करते, कंटाळते, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला आपोआप सोडून देते. म्हाताऱ्या माणसाचं तसं होत नाही. तो नियम पाळतो. एकदा ‘दूध बाधतं’ असं मनाने घेतलं की दूध कायमचं गेलं. सहा महिन्यांनी पोट पुन्हा बिघडलं की आणखी एक पदार्थ जातो. ताट लहान होत जातं आणि घरात कौतुक होतं, ‘बघा, या वयात किती पथ्य पाळतात!’

पोटातल्या वायूसाठी आज सर्वांत जास्त अभ्यासलेला असा आहार म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात तयार झालेला कमी-फॉडमॅप आहार. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे आंबणाऱ्या शर्करा. कांदा, लसूण, गहू, दूध, कडधान्यं, सफरचंद, सगळ्यांत त्या असतात. या आहाराच्या तीन पायऱ्या आहेत. कडक बंदी फक्त २ ते ६ आठवडे. मग एकेक गट तीन-तीन दिवस वाढत्या प्रमाणात खाऊन बघायचा. आणि शेवटी जे पचतं ते सगळं ताटात परत. म्हणजे आहार तयार करणाऱ्यांनीच परतीची वाट आखून दिलेली आहे. लेखात उतरवताना पहिली पायरी तेवढी येते, बाकीच्या दोन बहुधा जागेअभावी गळतात.

आमच्याकडे मी पहिल्या पायरीच्याही आधीची पायरी घातली, ती रक्ततपासणीची. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सीलिॲक आजार म्हातारपणीही पहिल्यांदा सापडतो. पण त्याची टीटीजी ही चाचणी माणूस गहू खात असतानाच करायची असते. गहू थांबवला की या आजारात रक्तात दिसणारी प्रतिद्रव्यं हळूहळू उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट निर्दोष येऊ शकतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शिका सांगते, की चाचणीआधी किमान ६ आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लूटेन असायला हवं. लोक करतात उलट. चार महिने गहू सोडतात, बरं वाटतं, मग ‘खात्री करून घेऊ’ म्हणून रक्त द्यायला येतात. अशा माणसाला पुन्हा गहू खायला लावावा लागतो आणि तो रडकुंडीला येतो. गहू आणि या आजाराचं नातं डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी उलगडलं. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुलं सुधारली, आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा खालावली. पुरावा त्या ‘परत आल्यावर’मध्ये होता, हे लक्षात घ्या.

रक्ततपासणीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. शंभरएक पदार्थांची लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत यादी देणारी ‘फूड इंटॉलरन्स’ तपासणी करून अनेक ज्येष्ठ मंडळी घाबरलेली मला भेटतात. या तपासण्या बहुधा आयजीजी प्रतिद्रव्यं मोजतात. तुम्ही जो पदार्थ नेहमी खाता त्याची आयजीजी शरीरात असणं स्वाभाविक आहे, त्यावरून तो बाधतो असं ठरत नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ सालीच या कामासाठी ही चाचणी वापरू नये असं म्हटलं आहे. ज्या यंत्रांवर मी आयुष्य काढलं, त्यांच्याकडून असली कामं करून घेताना बघून वाईट वाटतं.

शिवाय साठीनंतर पोटाची सवय पहिल्यांदाच बदलली, वजन आपोआप उतरलं, शौचातून रक्त गेलं किंवा हिमोग्लोबिन कमी झालं, तर तिथे आहाराचा प्रयोग करायचाच नाही, सरळ डॉक्टर गाठायचे. पन्नाशी उलटलेल्या बाईचं पोट नव्याने आणि सतत फुगलेलं राहत असेल तर बीजकोशाच्या कर्करोगाची शंका आधी दूर करावी लागते. गहू सोडून दोन महिने वाट बघण्यात ते दोन महिने जातात. आणि पुष्कळदा दोषी सापडतो तो गोळ्यांच्या डबीत. मेटफॉर्मिनने पोट बिघडतं, मॅग्नेशियम असलेल्या आम्लपित्ताच्या औषधाने जुलाब होतात, लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, ‘शुगर-फ्री’ गोळ्यांतल्या सॉर्बिटॉलने वायू धरतो. शिक्षा मात्र दुधाला.

आमची चाचणी कशी झाली ते थोडक्यात. यजमान निवृत्त हिशेबनीस. त्यांनी वही आखली, तांबड्या शाईने रकाने पाडले आणि पोट फुगण्याला ० ते ५ असे गुण द्यायला सुरुवात केली. टीटीजी निर्दोष आली, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, बंदी सुरू झाली आणि वहीच्या त्याच पानावर बंदी संपण्याची तारीखही लिहिली. (चहाबरोबर खाल्लेली दोन बिस्किटं मला नंतर ‘किरकोळ’ या रकान्यात सापडली.) मग एकेक पदार्थ परत. गहू पहिला आला, कारण त्याच्यावर सगळ्यांचा संशय. तीन दिवस वाढवत नेला, गुण शून्याच्या आसपास. दही आलं, काही नाही. दूध एक कपापर्यंत चाललं, पुढे गेल्यावर गुडगुड. हे अपेक्षितच होतं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक लोकांनाही एका वेळी १२ ग्रॅम, म्हणजे साधारण कपभर दुधातली साखर सोसते. कांदा आला आणि दुसऱ्याच दिवशी वहीत ४ गुण, खाली दोन रेघा. कच्चा कांदा गेला, बाकी सारं ताटात परत आलं. मुलीच्या यादीतले बहुतेक आरोपी निर्दोष सुटले.

एक मात्र बजावते. ज्याला एखाद्या पदार्थाने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, त्याने तो पदार्थ घरी परत खाऊन बघायचा नाही. ती खरी ॲलर्जी, तिचा कारभार दवाखान्यात.

आता ‘जसं आलं तसं खा’ या भागाबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खा म्हणून. कारखान्यातलं अन्न असताना माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचं वजन किलोभर वाढलं. साध्या अन्नावर जवळपास तितकंच उतरलं. या प्रयोगाचा दाखला सगळे देतात आणि तो चांगलाच आहे. पण त्यातल्या माणसांचं सरासरी वय तिशीच्या आसपास होतं. साध्या अन्नाने पोट लवकर भरतं, चावायला वेळ लागतो, माणूस नकळत कमी खातो. तिशीत याच गुणासाठी ते खावं. ज्याची भूक आधीच मंदावली आहे, चव-वास बोथट झालेत, त्याच्या बाबतीत तोच गुण अंगाशी येतो. त्याचं उतरलेलं किलोभर वजन बरंचसं स्नायूंतून गेलेलं असू शकतं, आणि या वयात ते परत मिळवणं फार अवघड. युरोपातल्या क्लिनिकल पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने, एस्पेनने, ज्येष्ठांसाठीच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की जेवण कमी करायला लावणारी पथ्यं म्हातारपणी घातक ठरू शकतात, ती टाळावीत. ज्यांचा उल्लेख आपण नेहमी ‘तज्ज्ञांच्या मते’ असा करता त्यातलेच हे तज्ज्ञ.

हिशेबनिसाच्या घरात राहून मीही थोडा हिशेब शिकले आहे. पासष्टीपुढच्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढी). ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. दोन कप दुधातून १६ ग्रॅम येतात, वाडगाभर शिजलेल्या कडधान्यातून १५च्या आसपास. दूध आणि कडधान्यं एकदम बंद केली की जवळजवळ निम्मा पुरवठा गेला. त्या जागी काय? अंडं एक, ६ ग्रॅम. मासे-मांस न खाणाऱ्याने, किंवा खाणाऱ्या पण चावता न येणाऱ्याने काय करायचं, हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. कॅल्शियमचीही तीच गत. एका कप दुधात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. ‘त्याऐवजी पालक खा’ असं हमखास सांगतात. पण पालकातल्या ऑक्झॅलेटमुळे त्यातलं कॅल्शियम जेमतेम ५ टक्के शोषलं जातं, दुधातलं ३० टक्क्यांच्या घरात.

ब१२ या जीवनसत्त्वाची गोष्ट तर गमतीची. उतारवयात जठरातलं आम्ल कमी पडतं, त्यामुळे अन्नात प्रथिनांना बांधलेलं ब१२ सुटं होत नाही. म्हणून अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९८ सालीच सुचवलं, की पन्नाशीपुढच्यांनी ते मुख्यतः गोळीतून किंवा वरून मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावं. म्हणजे नैसर्गिक ते उत्तम मानणाऱ्यांनी जे सगळ्यात आधी कचऱ्यात टाकलं, ते पाकिटातलं जीवनसत्त्व मिसळलेलं धान्य, या एका बाबतीत म्हाताऱ्याच्या उपयोगाचं होतं!

औषधं घेणाऱ्यांनी तर बंदी सुरू करण्याआधी गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावीच. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आय.एन.आर. हा आकडा मी रोज काढायचे. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरीन घेणारा माणूस अचानक पालेभाज्यांच्या रसाचे पेलेच्या पेले पिऊ लागला की व्हिटॅमिन के वाढतं आणि आकडा खाली येतो, म्हणजे रक्त गोठण्याचा धोका. पालेभाजी खावी, पण रोज सारखीच, एकदम वाढवू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना धान्यं तोडली की साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. मधुमेहाच्याच डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असताना पिष्ट फार कमी केलं तर साखर फारशी न चढताही रक्तात आम्ल साचतं, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. पाकिटातले पदार्थ गेले की मीठही घटतं. चांगलंच आहे, पण रक्तदाबाची गोळी पूर्वीइतकीच राहिली तर दाब फार उतरून रात्री उठताना तोल जाऊ शकतो. आणि ‘कमी सोडियमचं’ म्हणून आणलेल्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर, त्यात रक्तदाबाची ठरावीक औषधं, वर फळांचा मारा, असं झालं की ते रक्तात साचतं. पोटॅशियम सहा-साडेसहाच्या वर दिसलं की रिपोर्ट छापायची वाट न बघता वॉर्डात फोन करायचा, हा आमचा नियम होता. तो फोन करताना माझा आवाज बदलायचा असं सहकारी म्हणत.

राहिली हे प्रत्यक्षात राबवण्याची बाब. कच्च्या गाजराचे तुकडे भरलेला वाडगा पुढ्यात घेऊन यजमान बसले, दोन घास चावले, मग कवळी काढून रुमालात ठेवली आणि नुसतेच वाडग्याकडे बघत राहिले. गाजर मग मऊ उकडून, कुस्करून, वर तेल घालून दिलं. पोषण तेच, चावायचे कष्ट कमी. सुक्या मेव्याची पेस्ट करता येते, फळ शिजवता येतं. तंतू हळूहळू वाढवायचे आणि बरोबर पाणी, कारण या वयात तहान उशिरा कळते. आणि संधिवाताच्या बोटांनी रोज भाज्या सोलणं, चिरणं, तासभर ओट्याशी उभं राहणं हे ज्याला जमत नाही त्याने फ्रोझन मटार खुशाल आणावेत, डब्यातली शिजलेली कडधान्यं धुऊन घ्यावीत. धुतल्याने त्यातलं मीठही बरंच जातं. त्याला ‘प्रक्रिया केलेलं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात येऊन चिरायला बसवेन.

माझ्या ओळखीतल्या ऐंशीच्या एक बाई वर्षानुवर्षं अशाच एका यादीवर आहेत. यादी देणाऱ्याशी संबंध केव्हाच संपला, यादी राहिली. गहू नाही, दूध नाही, डाळ नाही, वांगं-टोमॅटो नाही, आता फळंही दोनच. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो, ब्लाउज दोनदा आत घेऊन झाले. जेवायला कुणाकडे जात नाहीत, कारण आपल्यासाठी वेगळं करायला लावणं बरं दिसत नाही. मी विचारलं, दूध सोडून बघितलंत तेव्हा काय होत होतं? त्यांना आठवेना. सहा महिन्यांत ५ टक्के वजन आपोआप उतरलं तर ती धोक्याची खूण मानतात. त्यांच्या घरात वजनकाटाच नाही. आता त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही दह्यापासून सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी दोन चमचे. त्या घाबरल्या होत्या, आणि खाऊन झाल्यावर म्हणाल्या, ‘चव विसरलेच होते हो.’

संपादक महाशय, असे लेख छापू नका असं मी म्हणत नाही. आम्हाला त्यांचा उपयोग झाला, यजमानांचं पोट आता शांत आहे. मागणं इतकंच, की यादी छापाल तेव्हा तिच्याच शेजारी, त्याच आकाराची एक चौकट द्या. त्यात पदार्थ परत कोणत्या क्रमाने, किती आणि किती दिवसांनी आणायचे ते असू दे. बंदीची मुदत २ ते ६ आठवडे, हे ठळक असू दे. पासष्टीपुढच्यांनी आधी वजन करावं, गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी आणि गहू सोडण्याआधी रक्त तपासावं, हेही येऊ दे. जागा कमी पडत असेल तर सपाट पोटाच्या मुलीचा फोटो थोडा लहान करता येईल. चौकटीचा मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे. टाइप मात्र मोठा ठेवा, कात्रण कापणाऱ्यांना वाचताही आलं पाहिजे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ